पंचांच्या शेजारची सीट

ब्रेंडा अ‍ॅकरॉइड ड्रायव्हिंगच्या परीक्षेला चौथ्यांदा आली, आणि समोर उभ्या असलेल्या परीक्षकाला तिने बघताक्षणी ओळखलं. तीनच दिवसांपूर्वी, शनिवारी, थॉर्नशॉ गावच्या रग्बी मैदानावर कठड्यावरून ओणवून तिने याच माणसाचं आंधळा, अर्धवट आणि दगड असं तीनदा बारसं केलं होतं. तेव्हा त्याच्या तोंडात शिट्टी होती. आज गळ्यात टाय होता.

"मावशी, हा हेप्वर्थ पंच," भाचा कीथ कुजबुजला. तिला गाडी शिकवायचा तोच, आणि परीक्षेत मागच्या सीटवर बसायची त्याला मुभा होती. "आता तोंडाला कुलूप लाव."

दोष ब्रेंडाचा नव्हता, हे थॉर्नशॉत कुणीही शपथेवर सांगितलं असतं. रग्बी लीगमध्ये हाताने चेंडू फेकायचा तो मागे, पुढे नव्हे. तिथलं रांगतं पोरही हे जाणतं. शनिवारी पाहुण्यांच्या एका दांडगटाने तो ढळढळीत पुढे फेकला, त्यावर ट्राय, म्हणजे रग्बीतला गोल, झाला, आणि हेप्वर्थने तो निवांतपणे देऊनही टाकला. थॉर्नशॉ हरलं. पंच मंडळी आठवडाभर पोटासाठी आणखी काही करत असतील, हे ब्रेंडाच्या कधी डोक्यातच आलं नव्हतं.

आणि यावेळी पास होणं भागच होतं. झटका आल्यापासून तिच्या नवऱ्याचं गाडी चालवणं बंद झालं होतं. टेकडीपलीकडच्या लेकीच्या गावी जाणारी बस बंद झाली होती. लेकीचे दिवस भरत आले होते, आणि नातवंडाचं तोंड फोनवरच बघावं लागणार की काय, या धास्तीने बाई झोपत नव्हती.

"ती निळी गाडी दिसते? तिचा नंबर वाचा," हेप्वर्थ म्हणाला.

"म्हणजे माझी नजर तपासताय?"

"सगळ्यांचीच तपासतो. नियम आहे."

"आणि तुमची कोण तपासतं?"

कीथला मागे मोठा ठसका लागला.

ब्रेंडाने नंबर खणखणीत वाचला आणि गाडी काढली. आजवर तीन वेळा तिला भीतीने बुडवलं होतं. गिअर चुकायचा, क्लच सुटायचा. आज भीतीला जागाच नव्हती. सगळी जागा रागाने घेतली होती, आणि रागाच्या भरात ती गाडी फार सुरेख चालवत होती. चौकात एक पांढरी व्हॅन आडवी घुसली तेव्हा मात्र तिला राहवलं नाही.

"आता तरी दिसलं का? की हेही नाही दिसलं?"

"दिसलं," हेप्वर्थ म्हणाला. "चूक त्याची. तुम्ही वेळेवर ब्रेक लावलात."

पंचाने आपल्या बाजूने निकाल दिला की पुढे काय बोलायचं असतं, हे ब्रेंडाला ठाऊक नव्हतं. तिने नुसता गिअर बदलला. पुढे गाडी उलटी घेऊन लावताना मागचं चाक पदपथाच्या कडेला हलकंसं घासलं. संपलं, असं तिच्या मनाने घेतलं. परत येईपर्यंत ती लेकीला कसं सांगायचं याचाच विचार करत होती.

"अभिनंदन. पास झालात," हेप्वर्थ म्हणाला.

कीथने सुटकेचा श्वास सोडला, पण ब्रेंडाच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"कशी काय पास? चाक घासलं की माझं! माझ्या म्हाताऱ्या हाडांना कळलं, तुम्हाला कळलं नाही?"

"मावशी, अगं…"

"तू थांब रे. चूक ती चूक. बघायला नको का माणसाने?"

"बघितलं, बाई," हेप्वर्थ म्हणाला. "अलगद घासलं. किरकोळ दोष धरलाय, त्याने कुणी नापास होत नाही. मी तुम्हाला नापास करावं, असं म्हणणं आहे का तुमचं?"

ब्रेंडाच्या आत मोठी झटापट झाली. एकीकडे पंचांशी भांडायची चाळीस वर्षांची सवय होती, दुसरीकडे नातवंड.

"नाही," ती म्हणाली. दात काढून घेताना निघावा तसा तो शब्द निघाला.

हेप्वर्थ उतरला आणि खिडकीशी वाकला. "शनिवारचा चेंडू पुढे गेला होता बहुतेक. तुमच्या ओरडण्यावरून मला तेव्हाच शंका आली."

"मग ट्राय कशाला दिलात?"

"मध्ये तुमचाच धिप्पाड गडी उभा होता. मला दिसलं नाही. नुसतं ऐकून निकाल फिरवायला लागलो, तर सगळे सामने तुम्हीच जिंकाल."

असं उत्तर देणाऱ्या माणसावर ओरडायचं कसं, याचा ब्रेंडा घराच्या वळणापर्यंत विचार करत होती. माणूस वाईट नाही, असं तिला वाटू लागलं होतं, आणि ते तिला मुळीच आवडत नव्हतं. वळणावर घराकडे न जाता तिने गाडी सरळ टेकडीच्या रस्त्याला घातली. लेकीला फोनवर नाही, दारात उभं राहून सांगायचं होतं.

"मावशी," कीथ म्हणाला, "शनिवारी मैदानावर सगळ्यांना सांगशील ना, की पंच चांगला माणूस आहे म्हणून?"

"सांगून काय उपयोग? त्याने मला गाडी चालवायचा परवाना दिला, हे कळलं की सगळा गाव म्हणेल, बघा, आंधळाच आहे."