नऊ पट्ट्या केमिस्टच्या, नऊ शिपाईमामांच्या

खिडक्यांच्या फटी बुजवायचं रबरासारखं सीलंट एक्क्याऐंशी तऱ्हांनी कालवून बघायचं ठरलं, तेव्हा साऱ्या कारखान्यात एकच माणूस खूश झाला. तो म्हणजे केमिस्ट.

चार घटक, प्रत्येकाची तीन मापं. रोज एक मिश्रण, त्याची एक पट्टी, आणि ती घेऊन रोज एकदा तपासणीच्या खोलीत जायचं. तिथलं यंत्र पट्टीची दोन्ही टोकं धरून ती तुटेपर्यंत ताणायचं, आणि यंत्राशेजारी ते चालवणाऱ्या बाई बसायच्या. केमिस्टनं पन्नाशी गाठली होती, लग्न राहून गेलं होतं, आणि सहा वर्षांत बाईंशी पट्टीपलीकडचा एक शब्द झाला नव्हता. पण पट्टी ताणली जात असताना दोघं एकाच गोष्टीकडे बघत असायची. असे एक्क्याऐंशी दिवस! घरी वहिनीनं विचारलंसुद्धा, "भाऊजी, रबर तपासायला एवढी कडक इस्त्री?"

तेवढ्यात साहेब संख्याशास्त्राचं शिबिर करून आले. "एक्क्याऐंशी कशाला? नऊ बस्स! नीट निवडून नऊ मिश्रणं केली, की उरलेल्या बहात्तरांचं गणित सांगतं."

बहात्तर दिवस जागच्या जागी वारले.

"साहेब, ओव्हनची उष्णता हा पाचवा घटक राहिला," केमिस्ट चाचरत म्हणाला.

"ती कायम ठेवू."

"हवेतला दमटपणा?"

"तोही कायम."

"मग... पट्टी कोण नेतं, हे?" त्याच्या तोंडून निघून गेलं. "हाताच्या उबेनं फरक पडतो म्हणतात."

साहेबांचे डोळे चमकले. "वा! मग अठरा करू. नऊ तुम्ही न्या, नऊ शिपाईमामा."

एवढी अक्कल पाजळून केमिस्टच्या पदरात पुन्हा नऊच पडल्या. मामांची पाळी असली, की तो धुतलेली भांडी पुन्हा धुवायचा आणि मामा परत येईपर्यंत नळ बंद करायचं विसरायचा.

अठरावी पट्टी तुटल्यावर साहेबांनी आकडे संगणकात घातले आणि केमिस्टला बोलावलं.

"भुकटीनं थोडा फरक पडतो, तेलानं थोडा. पण सगळ्यात मोठा घटक कोणता, ठाऊक आहे? तुम्ही! तुम्ही नेलेली पट्टी दर वेळी कमी ताकदीत तुटते. हातांना घाम येतो का हो तुमच्या?"

"तिथे गेल्यावर... येतो थोडा."

"बघा! उद्यापासून पट्टी मामाच नेणार."

कागदावर तसं टाइपही झालं होतं: 'नेणाऱ्याची सर्वोत्तम पातळी: शिपाई.' मामा दोन दिवस छाती काढून फिरले.

तिसऱ्या दिवशी केमिस्ट तपासणीच्या खोलीच्या दारात उभा राहिला. बाईंनी आधी त्याच्या हातांकडे पाहिलं. ते रिकामे होते.

"माझ्या पट्ट्या कमी भरतात म्हणे," तो म्हणाला.

बाई यंत्राचे जबडे पुसू लागल्या. ते पुसलेलेच होते. "मामांच्या मी नियमाच्या वेगानं ओढते. मिनिटाला पाचशे मिलिमीटर. अर्ध्या मिनिटात तुटतात."

"आणि माझ्या?"

"पन्नासनं." त्यांनी फडक्याची घडी घातली. "सावकाश ओढली की ताकद कमी दिसते, हे कळतं हो मला. पण पाच मिनिटं पुरते."

केमिस्टनं आजवर कुठलाही निष्कर्ष तीनदा पडताळल्याशिवाय मानला नव्हता. हा त्यानं उभ्या उभ्या मानला.

"साहेबांना मी सांगते," बाई म्हणाल्या. "ओरडतील, ओरडू देत. तुमच्या नऊ पट्ट्या नव्यानं करा. या वेळी पाचशेनंच ओढावं लागेल."

"म्हणजे अर्धंच मिनिट," तो पडेल आवाजात म्हणाला.

"पट्टीला. तुम्हाला कुणी वेग ठरवून दिलाय? बसा की."

तो बसला. यंत्र बंद होतं. त्यामुळे आता बघायचं कुठे, हे दोघांनाही कळेना.