गिरकी घेणारी अंडी

"अंडी आधी धुवायची," मास्तर म्हणाले. "का बरं?"

"तुम्ही सांगितलं म्हणून," नात म्हणाली. घरात तिला खारू म्हणत.

"चूक! टरफलावर घाण असते म्हणून. कारण कळल्याशिवाय हात हलवायचा नाही."

कारण कळल्यावर खारूने ट्रेमधली सगळी अंडी ब्रशने घासून लख्ख केली.

मास्तर आयुष्यभर विज्ञान शिकवून निवृत्त झाले होते. आता त्यांना नातीला स्वयंपाक शिकवायचा होता. आपल्याला तो येतो का, हा प्रश्न त्यांना गौण वाटे. आजी त्यांना ओट्याजवळ फिरकू देत नसे. आज ती थोरल्या बहिणीला आणायला स्टेशनवर गेली होती. जाताना म्हणाली, "अहो, आज जेवण जमलं तर दर रविवारी स्वयंपाकघर तुमचं. बिघडलं, तर चहा करायलाही आत यायचं नाही."

बेत सोपा होता. टोमॅटो आणि ढोबळी मिरचीचा झणझणीत रस्सा करायचा, त्यात खळगे करून अंडी फोडायची आणि झाकण ठेवायचं. रस्सा छान रटरटू लागला. शेजारचे काका शिंकले, तेव्हा तिखटही बरोबर पडल्याचं कळलं.

"आजोबा, अंड्यांवरच्या फुल्या गेल्या," खारू म्हणाली.

"कसल्या फुल्या?"

"आजी उकडलेल्या अंड्यांवर स्केचपेनने फुली मारते ना! दोन-तीनांवर होत्या. घासताना गेल्या."

दुसरं कोणी असतं तर ओरडलं असतं. मास्तरांचा चेहरा मात्र उजळला.

"शाबास! आता प्रयोग. अंडं ओट्यावर फिरवायचं. उकडलेलं भिंगरीसारखं फिरतं. कच्चं डगमगतं, कारण आत सगळं हिंदकळत असतं."

पहिलं अंडं भिंगरीसारखं फिरलं. दुसरंही. शेवटच्या अंड्यानेसुद्धा अशी गिरकी घेतली की बघत राहावं.

"सगळी उकडलेलीच आहेत, आजोबा."

"असं कसं? फुल्या तर दोन-तीनच होत्या. ओटा उतरता असेल."

प्रयोग जेवणाच्या टेबलावर गेला. तिथेही तेच. मग फरशीवर. आजोबा आणि नात गुडघे टेकून अंडी फिरवत असताना करपल्याचा वास आला.

मास्तर धावले. त्यांनी रश्श्यात तांब्याभर पाणी ओतलं. रस्सा पांचट झाला, म्हणून तिखट टाकलं. ते जास्त झालं, म्हणून पुन्हा पाणी.

"आजोबा, कारण?"

"कारण नंतर!"

तेवढ्यात दाराशी आवाज झाला. मास्तरांचा धीर सुटला. "बहुतेकांवर फुल्या नव्हत्याच, म्हणजे कच्चीच!" असं म्हणत त्यांनी एक अंडं कढईच्या काठावर जोरात आपटलं. ते फुटलं नाही. हातातून निसटून टरफलासकट रश्श्यात पडलं, डुबुक! भिंत लाल झाली आणि मास्तरांचा चष्माही.

दारात आजी, मागे तिची बहीण.

"सगळीच उकडलीस?" मास्तरांनी लाल काचांमागून विचारलं.

"हो तर! तुम्ही स्वयंपाक करणार म्हटल्यावर म्हटलं, निदान अंडी तरी शिजलेली असू देत."

"मग फुल्या?"

"पेनातली शाई संपली."

अंडी सोलून, अर्धी करून रश्श्यात सोडली. सगळे नाक पुसत जेवले. थोरली बहीण म्हणाली, "करपल्याची चव काही वाईट नाही हं!" आणि पाण्याचा तिसरा पेला मागितला.

"अंडी उकडलेली आहेत, हे कळलं कोणाला होतं?" आजीने विचारलं.

खारू ताटात बघत राहिली. मास्तर घसा खाकरून म्हणाले, "हिला. माझाच प्रयोग, पण विश्वास हिने ठेवला."

"मग ठरलं. दर रविवारी स्वयंपाकघर हिचं."

"आणि मी?"

खारूने क्षणभर विचार केला आणि ओलं फडकं त्यांच्या हातात दिलं. "तुम्ही आधी भिंत पुसा."

"का बरं?" मास्तरांनी सवयीने विचारलं.

"चहा करायला आत यायचंय ना, म्हणून."

कारण कळल्यावर मास्तरांचा हात हलू लागला.