केन्झाचा नवरा

माझ्या बायकोच्या मावसभावाला, म्हणजे नौफलला, मी जन्मात भेटलेलो नाही. पण त्याचं नाव काढलं की माझ्या अंगाचा तिळपापड होतो! एकेकाळी त्याच्यासाठी केन्झाला मागणी घातली होती. तिने माझ्याशी लग्न केलं. (का केलं, ते मी आजवर विचारलेलं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची.) स्वारी आमच्या लग्नाला फिरकली नाही. पुढे दर ईदला काहीतरी निमित्त काढून मीही त्याच्या गावी, फेसला, जाणं टाळलं. केन्झा एकटीच मावशीकडे जायची आणि कासाब्लांकाला परतली की आठवडाभर घरात नुसता नौफलचा जप.

त्या शुक्रवारी कुसकुसचं ताट मध्ये ठेवता ठेवता ती म्हणाली, "नौफल बायकोला मराकेशला घेऊन गेला होता. जुन्या हवेलीतलं हॉटेल! पलंगावर गुलाबाच्या पाकळ्या!"

"काटे काढले होते ना?"

"जळकुकडा मेला!"

भोपळ्याची फोड माझ्या घशातच अडकली. ती खाली उतरायच्या आत मी निर्णय घेऊन टाकला होता.

"आपणही जायचं. हवेलीत. पाकळ्यांसकट. आणि मराकेशला नाही, फेसला!"

"फेसला? मावशीचं घर असताना हॉटेलात? तिला कळलं तर अन्नपाणी सोडेल ती!"

"तिला सांगतंय कोण?"

मला नौफलच्या गावात, त्याच्या नाकावर टिच्चून थाटात राहायचं होतं. म्हणजे त्याला कळायला हवं होतं आणि मावशीला कळायला नको होतं. मायलेक एकाच घरात राहतात, ही अडचण माझ्या लक्षात आली तेव्हा तिकिटं काढून झाली होती.

पाण्याच्या बिलांच्या खिडकीमागे बसणाऱ्या माझ्यासारख्या माणसाला थाट म्हणजे काय ते बाजारात जाऊनच शोधावं लागतं. मी पांढरा सूट घेतला, पनामा टोपी घेतली, काळा गॉगल घेतला. आरशात पाहिलं तर मीच मला 'या, बसा' म्हणणार होतो. त्याचा परिणामही लगेच दिसला. फेसच्या जुन्या गल्लीत शिरल्याबरोबर गाढववाला वाट मोकळी करायच्या त्याच्या नेहमीच्या "बालाक! बालाक!"ऐवजी मला फ्रेंचमध्ये "पार्दों, मुस्यू!" म्हणाला. गाढवाने मात्र पँटला तोंड पुसलं.

"बघितलंस?" मी केन्झाला म्हटलं, "परदेशी समजला मला!"

"मग भाव पण परदेशीच लावतील," ती म्हणाली.

हवेली खरोखरच देखणी होती. कारंजं, लिंबाची झाडं, गालिचे. मॅनेजरने लवून फ्रेंचमध्ये स्वागत केलं. मीही फ्रेंचमध्येच त्याला दोन शब्द सुनावले. (आले तेवढे दोनच.) मग त्याने ओळखपत्रं मागितली, ती पाहिली, आणि त्याच्या पाठीचा कणा एकदम सरळ झाला.

"अरेच्चा! तुम्ही तर आपलेच निघालात, सिदी! मग निकाहनामा दाखवा."

"अहो, आत्ता ते गोरं जोडपं कुत्र्यासकट आत गेलं, त्यांना नाही विचारलंत?"

"ते परके. त्यांचं पाप त्यांच्यापाशी. आपल्या माणसांना खोली द्यायची तर कागद लागतो."

केन्झा माझ्याकडे वळली. "निघताना मी विचारलं होतं, सगळे कागद घेतलेस का?"

"घेतले की! गॉगलची गॅरंटी घेतलीय!"

"बाईंचा पत्ता इथलाच," मॅनेजर ओळखपत्रं उलटीपालटी करत म्हणाला, "तुम्ही कासाब्लांकाचे. आडनावं वेगळी. त्यात हा काळा चष्मा..." (केन्झाने लग्नानंतर कार्डावरचा माहेरचा पत्ता बदललाच नव्हता.)

"आडनावं वेगळीच असतात! बायका इथे कधी नवऱ्याचं नाव लावतात?"

"तेच तर. म्हणून कागद."

मग त्या कागदावरून माझी आणि केन्झाची जी जुंपली, ती ऐकायला स्वयंपाकीसुद्धा झारा हातात घेऊन बाहेर आला. मॅनेजरने शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"तुम्ही नवराबायको आहात याबद्दल मला शंका नाही," तो अदबीने म्हणाला, "पण पोलीस आले तर त्यांना हे भांडण कसं दाखवू?"

मी आईला फोन लावला. आमच्या घराची एक किल्ली तिच्याकडे असते.

"आई, घरी जाऊन आमचा निकाहनामा काढ आणि त्याचा फोटो पाठव."

पलीकडे दार लावल्याचा आवाज आला. मग हळूच, "सोडतोयस तिला?"

"अगं नाही, आई..."

"रडू नकोस, बाळा! फेसची पोरगी आपल्याला झेपायची नाही, हे मी तेव्हाच म्हटलं होतं. पण हे असं फोनवर नसतं करायचं. थांब, मामांना बोलावून घेते!"

आईने फोन ठेवला, आणि नंतर उचललाच नाही. (फोन स्पीकरवर होता, हे सांगायचं राहिलं. केन्झा काय म्हणाली ते न सांगितलेलंच बरं.)

"गावात तुम्हाला ओळखणारं कुणी आहे?" मॅनेजरने विचारलं.

"आहे," केन्झा म्हणाली, "पलीकडच्या गल्लीत चपलांचं दुकान आहे ना, नौफलचं..."

"सी नौफल? मग अडलंय कुठे! त्यांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ!"

"त्यापेक्षा मी कोठडीत झोपतो," मी म्हटलं. पण माझं ऐकतो कोण? निरोप गेला आणि पाचव्या मिनिटाला साहेब हजर. पांढराशुभ्र पायघोळ जेलाबा, पिवळ्या चपला, अत्तराचा घमघमाट. फोटोत दिसायचा त्याहून देखणा. मी टोपी आणखी तिरकी केली.

"ही केन्झा, माझी मावसबहीण," तो मॅनेजरला म्हणाला, "पण हे कोण?"

"मी हिचा नवरा!" मी टोपी काढली, गॉगल काढला.

त्याने माझ्याभोवती एक फेरी मारली.

"शक्य नाही. हिच्या नवऱ्याला मी पाहिलेलं नाही, पण इतकी वर्षं ऐकतोय. उंच, भारदस्त, पाणी खात्यातला बडा साहेब. त्याने मनात आणलं तर कासाब्लांकाचे नळ बंद होतात! हा तो नव्हे."

केन्झा फरशीवरची नक्षी मन लावून बघू लागली. म्हणजे ही तिकडे जाऊन माझी अशी वाखाणणी करायची तर! मला भरून आलं. पण लगेच त्या उंच, भारदस्त साहेबाचा इतका मत्सर वाटला की नौफलचा मला विसरच पडला.

शेवटी नौफलने आपल्या आईला, म्हणजे केन्झाच्या मावशीला, बोलावून घेतलं. लल्ला बतूल धापा टाकत आल्या आणि मला बघून थांबल्या.

"हाच तो," त्या म्हणाल्या. "लग्नात याला बघून मी रडले होते. विसरेन कशी?" मग त्यांच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला. "का रे, माझं घर काय जळलंय? जावई गावात येतो आणि भाड्याच्या खोलीत झोपतो? उद्या गल्लीत तोंड कसं दाखवू मी?"

मॅनेजर मध्येच बोलला, "लल्ला, खोलीचे पैसे परत मिळायचे नाहीत. पाकळ्याही अंथरून झाल्यात."

"पाकळ्या?" मावशींचा सूर एकदम बदलला. "गुलाबाच्या? मग वाया कशाला घालवायच्या? जावई आमच्या घरी जाईल. मी आणि केन्झा राहतो इथे."

दोन बायकांना निकाहनामा लागत नाही. दोघी हातात हात घालून जिना चढल्या. केन्झाने वरून माझ्याकडे बघून हात हलवला. इतकं खूश मी तिला लग्नातही पाहिलं नव्हतं.

तर अशा रीतीने मी फेसला जाऊन नौफलच्या दिवाणखान्यात बसलो. त्याच्या बायकोने पारव्याचं मांस भरलेला खुसखुशीत पस्तिया वाढला. दुर्दैवाने तोही उत्तम होता. जेवण झाल्यावर नौफलने हात उंच नेऊन पुदिन्याचा चहा ओतला. एक थेंबही बाहेर सांडला नाही, म्हणून मी आणखी जळलो.

"एक खरं सांगू, सी बूशाइब?" तो हलक्या आवाजात म्हणाला, "इतकी वर्षं मी तुमच्यावर जळत होतो."

"माझ्यावर?"

"रात्र रात्र झोप यायची नाही. असं काय आहे त्या माणसात, म्हणून."

माझी छाती फुगली. मी लोडाला टेकलो, पाय पसरले आणि मोठ्या मनाने नौफलला सगळं माफ करून टाकलं.

"आणि आता?" मी विचारलं.

त्याने मला डोक्यापासून पायापर्यंत सावकाश बघून घेतलं. त्याच्या चेहऱ्यावर असं समाधान पसरलं की विचारू नका.

"आता कसलं जळायचं, भाऊ!" तो म्हणाला. "आज तुम्हाला पाहिलं आणि जीव कसा थंड झाला. घ्या, अजून थोडा चहा घ्या."