संचालकांचे घनिष्ठ संबंध

सहयोगी विद्यापीठाच्या शहरात दंगली पेटल्या, विमानं बंद झाली आणि इथून शिकायला गेलेली चौदा मुलं तिथल्या वसतिगृहात अडकली. कुलगुरूंनी आंतरराष्ट्रीय विभागाच्या संचालकांना बोलावून घेतलं.

"तुमचे तिकडे घनिष्ठ संबंध आहेत म्हणता ना? मग आता ते वापरा."

संचालकांच्या केबिनमध्ये घनिष्ठ संबंधांचे सतरा फोटो टांगलेले होते. त्यांतल्या सर्वांत मोठ्या फोटोतल्या कुलसचिवांना त्यांनी फोन लावला. ते गृहस्थ चार वर्षांपूर्वीच नोकरी सोडून मधमाश्या पाळू लागले होते. मग दुसऱ्या फोटोतल्या डीनना त्यांनी 'प्रिय मित्रा' म्हणून ईमेल केला, वहिनींनाही नमस्कार कळवला. उत्तर आलं ते डीनबाईंचं. फोटोत संचालकांनी ज्याचा हात घट्ट धरला होता, तो डीनबाईंचा ड्रायव्हर होता. त्यानंतर ईमेल येणं बंद झालं.

मग समिती बसली. पत्रात 'चिंता' लिहायची की 'तीव्र चिंता', यावर दोन दिवस गेले. तोवर विचारपूस करायला येणारे पालकही येईनासे झाले. आपल्या शांततेच्या आवाहनाचा हा परिणाम, असं संचालक सगळ्यांना सांगत होते.

तिसऱ्या दिवशी पत्र टाइप करायला कार्यालयातल्या बाईंकडे गेलं. वाचून त्या म्हणाल्या, "मुलं सुखरूप आहेत, सर. पहिल्याच दिवशी हलवली."

तिकडच्या कार्यालयातल्या बाईंशी त्यांचं अकरा वर्षं फोनवर बोलणं होतं. सुरुवात अडकलेल्या फॉर्मांपासून झाली आणि गाडी गुडघेदुखी, सासूबाई, लेकीचं बाळंतपण अशी पुढे गेली. दंगलीची बातमी ऐकताच यांनी "तू बरी आहेस ना गं?" म्हणून फोन केला आणि ओघात मुलांचंही सांगितलं. तिने विद्यापीठाची गाडी काढून चौदाही जणांना गावाकडे भावाच्या घरी नेऊन ठेवलं. इथे बाईंनी चौदा घरी निरोप दिले.

"मला का नाही सांगितलंत?"

"टिपण ठेवलंय ना, सर. समितीच्या फायलीखाली आहे. त्याच्याही खाली कराराच्या नूतनीकरणाची फाइल आहे. करार संपून दोन वर्षं झाली."

संचालकांनी त्याच दिवशी करारावर सही केली. पाठोपाठ, कार्यालयीन फोनवर खाजगी गप्पा मारल्याबद्दल बाईंना द्यायच्या मेमोचा मसुदाही लिहिला. तो टाइप करायला अर्थातच बाईंकडेच गेला. त्यांनी तीन चुका सुधारल्या आणि सहीसाठी पुढे ठेवला.

"याची एक प्रत तिकडे पाठवू ना, सर? नव्या करारात कलम आहे, संपर्काच्या माणसाबद्दल काहीही असलं तर कळवायचं. आणि दोन्हीकडून नावं आम्हा दोघींचीच आहेत."

संचालकांनी पेनाला टोपण लावलं आणि डीनबाईंच्या घरी हल्ली कोण कोण असतं, ते बाईंना हळूच विचारलं.