कुंपणाचा गहाळ खांब आणि प्राध्यापक पोंक्षे

गेल्या वर्षी नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी माझ्या कुंपणाचा एक खांब नाहीसा झाला. जबाबदार : प्राध्यापक पोंक्षे. अनंत चतुर्दशीस दुसरा नाहीसा झाला. जबाबदार : तेच, आणि त्यांचा विद्यार्थी गणपत मोहिते. दिवाळीच्या पाडव्यास तिसरा गेला. जबाबदार : पुन्हा तेच दोघे, आणि अंशतः शेजारच्या अत्तारांची शेळी, जिचा उल्लेख यथावकाश येईल. सांगलीच्या विश्रामबागेत कुंपणे पुष्कळ आहेत. असे असता माझेच कुंपण का निवडण्यात आले, हा माझा मूळ प्रश्न आहे, आणि तो तडीस नेण्यासाठीच मी हे लिहीत आहे.

आरोपीची ओळख करून देणे न्यायाचे होईल. पोंक्षे येथील कॉलेजात गणित शिकवीत. लग्न केलेले नाही. जेवण विद्यार्थ्यांच्या खाणावळीत. अंगात बारमाही एकच कोट, आणि त्याचे मधले बटण कायमचे गहाळ. कोणी ते दाखवून दिले, की म्हणत, "वरचे आहे, खालचे आहे. मधले कसे होते ते कळतेच. मग लावायचे कशाला?" सांगलीच्या कोर्टात वकिली करण्यात माझा जन्म गेला, पण इतका निर्लज्ज बचाव मी ऐकलेला नाही.

हा मोहिते पाटणकडचा. घरी शेती, दोघे भाऊ पलटणीत. तो पोंक्ष्यांच्या हाताखाली पावसावर प्रबंध लिहीत होता. पाटणच्या कचेरीत रोजच्या पावसाची नोंद ठेवीत. परंतु नोंद ठेवणारा कारकून कधी हिवतापाने आडवा होई, कधी सासुरवाडीस जाई, आणि तेवढे दिवस रकाना कोरा राही. शेजारच्या दिवसांवरून आणि शेजारच्या गावांच्या पावसावरून ते कोरे रकाने कसे भरावेत, हा प्रबंधाचा विषय. मोहित्याने आरंभी सगळीकडे सरसकट शून्य भरले. त्यावर पोंक्षे त्याला पहिल्याच दिवशी म्हणाले ते वाक्य पुढे साऱ्या विश्रामबागेला पाठ झाले : "मोहिते, रिकामी जागा म्हणजे शून्य नव्हे. कारकून सासुरवाडीस गेला म्हणून पाऊस थांबत नाही."

येथवर कोणाचीही तक्रार असण्याचे कारण नव्हते. परंतु आपली रीत बरोबर आहे हे ताडून पाहायचे, तर उत्तर जेथे ठाऊक आहे तेथे मुद्दाम भोक पाडावे, ते भरावे, आणि मग खऱ्याशी तुलना करावी, असा पोंक्ष्यांचा सिद्धांत होता. भोक पावसाच्या तक्त्यात पाडता आले असते. त्यांनी ते माझ्या कुंपणात पाडले.

आणि तेही दिवसाढवळ्या. मी ओसरीवर बसलो असता ते फाटकातून आत आले, खांब हलवून उपटला आणि म्हणाले, "वकीलसाहेब, खांब नेतो आहे."

"ही चोरी आहे."

"सांगून नेतो आहे."

"सांगणे म्हणजे संमती नव्हे."

"हे लेखी द्या," असे म्हणून खांब खांद्यावर टाकून ते चालते झाले.

त्या दिवशी मी कित्येक महिन्यांनी दौतीत शाई घातली आणि येथील साप्ताहिकास पत्र पाठविले. ते छापून आले. अंक हाती घेऊन पोंक्षे स्वतः फाटकाशी आले. मला वाटले, क्षमा मागतील. ते म्हणाले, "पत्र उत्तम आहे. दुसऱ्या परिच्छेदात जोर थोडा कमी पडतो."

दरम्यान मोहित्याने आजूबाजूच्या खांबांची मापे घेऊन बाभळीचा नवा खांब तयार केला आणि भोकात ठोकला. उंची अचूक. मात्र एका बाजूचे खांब थोडे कलले होते, दुसऱ्या बाजूचे जास्त. म्हणून याने आपला खांब मधल्या मानाने कलता बसविला. मूळ खांब ताठ होता. पोंक्ष्यांनी त्याला माझ्यादेखत नापास केले. "मोहिते, या घरात ताठ असलेल्या दोनच गोष्टी होत्या. एक तो खांब, आणि दुसरे हे."

तिसऱ्या खांबाच्या भोकातून अत्तारांची शेळी आत आली आणि मी दोघांविरुद्ध तयार करीत असलेल्या नोटिशीचा मसुदा तिने ओसरीवर उभी राहून संपूर्ण खाल्ला. हा पुरावा नष्ट करण्याचा उघड प्रकार होता. पोंक्षे एवढेच म्हणाले, "शेळी गृहीत धरली नव्हती."

मी पत्रे लिहीत राहिलो. एकदा त्यांनी अंकातले माझे पत्र आधीच कापून ठेवले आणि मागचे-पुढचे अंक देऊन मधले पत्र मोहित्याकडून लिहवून घेतले. मी दोन्ही ताडून पाहिली. आरंभ तोच, कलमे तीच, शेवटी जाहीर खुलाशाची मागणी तीच. फरक एका शब्दाचा. मी 'अनुचित' लिहिले होते, त्याने 'अश्लाघ्य'. त्याचा शब्द अधिक चांगला होता. या अपमानाबद्दल मी स्वतंत्र पत्र लिहिले, आणि त्यात 'अश्लाघ्य' वापरला.

एक गोष्ट मात्र आरोपीच्या बाजूची म्हणून नोंदविली पाहिजे. फाटकालगतच्या खांबावर जाईचा वेल आहे. तो आमच्या कुटुंबाने, म्हणजे माझ्या पत्नीने, लावलेला. ती त्या वर्षीच्या वैशाखात निवर्तली. तो खांब उपटण्यास सर्वांत सोपा. त्याला पोंक्ष्यांनी कधी हात लावला नाही.

यंदाच्या उन्हाळ्यात पोंक्षे निवृत्त झाले आणि साताऱ्यास पुतण्याकडे राहावयास गेले. जाताना तिन्ही मूळ खांब स्वतः आणून, ताठ ठोकून गेले. पुढे मोहिते पेढे घेऊन आला. प्रबंध मान्य झाला होता. मी पेढा हातात घेण्यापूर्वीच विचारले, "माझ्या खांबांचा प्रबंधात उल्लेख कोणत्या प्रकरणात आहे?"

"न्हाई कुटंच, वकीलसाहेब."

"नाही म्हणजे?"

"आवं, पावसाच्या प्रबंधात खांबाचं काय काम? मीबी सरांस्नी तेच इचारलं हुतं."

"मग माझेच कुंपण का?"

तो मग म्हणाला, "काकी गेल्या, आन् पेपरात तुमचं पत्र यायचं बंद झालं. दर आठवड्याला सर अंक उघडायचे, तुमची जागा बघायचे, आन् मिटायचे. लय बेचैन हुते. मी म्हनलं, वकीलसाहेबांस्नी आता लिवावंसं वाटत नसंल. तर माज्यावर खेकसलं. 'मोहिते, रिकामी जागा म्हणजे शून्य नव्हे, किती वेळा सांगू? या मनुष्याला राग आला पाहिजे.' आन् तसंच उटून तुमच्याकडं आलं."

"खांब कोणाच्या डोक्यातून निघाला?"

"त्यांच्याच. मी म्हनलं, सर, नुसतं भेटाया जाऊ की. तर म्हनले, 'गेलो तर ते चहा देतील आणि गप्प बसतील. खांब नेला तर बोलतील.'"

पेढा मी घेतला. 'अश्लाघ्य' हा त्याचा शब्द चांगला होता, हेही मी त्याला सांगून टाकले.

आता वस्तुस्थिती अशी. परवा नागपंचमी होऊन गेली. मी त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशीही ओसरीवर हजर होतो. सर्व खांब जागच्या जागी आहेत. एकही हललेला नाही. शेळीसुद्धा आली नाही. सांगलीस येणारी गाडी साताऱ्याकडूनही येते, आणि त्या गाडीत निवृत्त प्राध्यापकांस मज्जाव असल्याचे माझ्या वाचनात नाही. फाटकापासून तिसरा खांब मी स्वतः थोडा ढिला करून ठेवला आहे.

सबब, प्राध्यापक पोंक्षे यांनी माझा खांब यंदा का नेला नाही, याचा त्यांनी याच साप्ताहिकाच्या स्तंभात जाहीर खुलासा करावा. खुलासा न आल्यास मी त्याचा अर्थ शून्य असा धरणार नाही.