चंद्रीचं दावं

रामधननं मला बकरीसोबत गुहेत पाठवलं, हा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

गुहा मुकुटबनकडच्या टेकडीत आहे. छतातून चुन्याचं पाणी ठिबकून आत पांढरे खांब तयार झालेत. कंदिलाच्या उजेडात ते नुकत्याच पिंजलेल्या रुईसारखे दिसतात. लोक लांबून बघायला येतात. तोंडाशी तांड्यावरचा रामधन बसतो, शेजारी चंद्री नावाची बकरी. जोडपी आली की हा खूष, सहल आली की दारातच नाचायला लागतो. एकटा माणूस दिसला की कंदील पाठीमागे लपवतो. "एकट्याले नाही." एका तलाठ्याला त्यानं अनोळखी आजीबाईंसोबत जोडून दिलं. बाहेर येईपर्यंत आजीबाईंनी त्याला नातीचं स्थळ सुचवलं होतं.

मी खेडोपाडी फिरून कापूस विकत घेणारा. हातगाडीपासून वर आलो. घासाघीस केल्याशिवाय मला भाजी गोड लागत नाही. त्या साली कापसाचा धंदा पार बसला. वाटलं, गुहेत दिवे लावू, फाटक बसवू, तिकीट ठेवू. पाहणीला गेलो, एकटाच.

"एकट्याले नाही, सेठ."

"दुप्पट घे."

"जोडीदार आना."

"तू चाल मंग."

"मी दार सोडत नसतो."

मी आवाज चढवला. त्यानं माझ्या चुरगळलेल्या, कापूस चिकटलेल्या सदऱ्याकडं नीट पाहिलं आणि चंद्रीचं दावं माझ्या हातात दिलं. "हिले घेऊन जा. पन वापस आनून द्या. गाभन हाय."

आत माझी सगळी पाहणी बकरीला उठवण्यातच गेली. ती बसायची, मी ओढायचो, गळ्यातली घंटी वाजायची. बाहेर आलो तो पेटूनच.

"मले चोर समजतं का बे?"

"चोर नाही," दावं घेत तो म्हणाला. "कापूसवाला, एकटा, डोये लाल. मले वाटलं, जीव द्याले आले. मुक्या जनावराले अंधारात सोडून कोनी मरत नाही, सेठ."

मी तिथंच दगडावर बसलो. मी, आणि जीव द्यायला?

"माहा लहाना भाऊ असाच आलता," तो म्हणाला. "मीच कंदील देल्ला. जाय म्हनलं. दुसऱ्या हातात काहीच देल्लं नाही."

ऊन उतरल्यावर तो कंदील घेऊन उठला. बंद करण्याआधी रोज आत एक फेरी मारतो म्हणे, एकटाच.

मी खुंट्याला बांधलेलं चंद्रीचं दावं सोडलं आणि त्याच्या हातात कोंबलं.

"एकट्याले नाही, रामधन. हिले वापस आन."

तो बकरीला सांभाळत हळूहळू आत गेला. मी त्याच्या जागेवर बसून राहिलो, घंटी परत ऐकू येईपर्यंत.