बोरकर आणि बोटीतलं पाणी

आमच्या डॉक्टर बोरकरांना पोहता येत नाही, मासे आवडत नाहीत आणि नुसतं धक्क्यावर उभं राहिलं तरी मळमळतं. तरीही आयर्लंडमधल्या ट्रलीजवळच्या बंदरातली एक पंधरा फुटी बोट कोरडी ठेवण्यासाठी हा माणूस दोन वर्षं जिवाचं रान करतो आहे. बोट त्यांच्या शेजारच्या मायकेलची. खुब्याचं हाड मोडून नर्सिंग होममध्ये जाताना म्हातारा म्हणाला होता, "मी येईपर्यंत तिला तरंगती ठेव, डॉक्टर."

बोरकर अतिदक्षता विभागातले. त्यांनी बोटीलाही दाखल करून घेतलं. पाणी चढलं की आपोआप सुरू होणारा पंप निवडायला सहा आठवडे लागले. "खोक्यावरच्या आकड्यांवर जाऊ नका हो. पाणी वर चढवताना पंपाचा निम्मा दम तिथेच जातो." म्हणून दुप्पट ताकदीचा घेतला. वायरचा प्रत्येक जोड पाण्यापासून हातभर उंच. मला टॉर्च धरायला बसवलं होतं. मी जरा हललो तर म्हणाले, "पेशंटवर लक्ष द्या."

चूक एकच झाली, आणि ती अस्सल आपली. गावाला निघताना घराचा मेन स्विच बंद करणारी आपली जमात. बोरकरांनी पंपही बोटीच्या मेन स्विचवरच घेतला होता. उगाच काळजी नको म्हणून मायकेलला न सांगता ते आठवडाभर पुण्याला गेले, आणि जाताना शिस्तीत बोटीचा मेन बंद करून गेले.

आठवडाभर पाऊस. परतले तेव्हा बोट निम्मी भरलेली.

"दुपारी बंदरवाले मोठा पंप आणतील," मी म्हटलं.

"दुपारी नाही चालणार. नऊच्या आत."

सकाळी सातपासून आम्ही बादल्यांनी उपसत होतो. बोट वर आली एकदाची. बोरकर पंपाची वायर थेट बॅटरीला जोडायला बसले. समोरच्या टेकडीवरच्या नर्सिंग होमकडे मान न वळवता म्हणाले, "नाश्ता झाला की त्याची खुर्ची त्या खिडकीत आणतात."

"तो परत येणार आहे का पण?"

"नाही. त्यालाही माहीत आहे."

नऊला त्यांचा फोन वाजला. स्पीकरवर मायकेलचा आवाज. "आज ग्रँड दिसतेय ती. रोज थोडी थोडी खाली जात होती. मला वाटलं, तू कायमचा इंडियाला गेलास."

"नाही रे," बोरकर म्हणाले. "इथेच आहे."

फोन ठेवला, आणि बराच वेळ त्या कोरड्या बोटीत रिकामी बादली धरून बसून राहिले. मळमळतंय असं एकदाही म्हणाले नाहीत.